वरच्या काकांनी उचललेली खोली

गल्लीत त्यांना सगळे ‘वरचे काका’ म्हणत. राहायला तळमजल्यावर आणि नाव वरचे काका, म्हणून नव्या माणसाला आधी हसू येई. मग कुणीतरी सांगे, की बाबा रे, ह्या माणसाचं सगळं आयुष्य बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये गेलंय. सकाळी शिडी चढायची, डबा वरच खायचा, संध्याकाळी उतरायचं. बोजा नुसता बघून ते वजन सांगत आणि साथीदार त्यावर पैजा लावत. खाली माणसं मुंग्यांएवढी. मुंग्यांशी कोण बोलणार? निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरातली साखर संपली तर काका बिनसाखरेचा चहा पीत, पण शेजारी मागायला जात नसत.

काकू नेमक्या उलट. गल्लीच्या तोंडाशी असलेली लाकडी खोली त्यांच्याच खटपटीतून उभी राहिली होती. लाकडी भिंती, लाकडी जमीन, वर पत्रा. दुपारी तिथे बायका शिवण शिकत, संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसत, आणि एरवी ज्याचं घरात कुणाशी पटत नसेल तो तिथे जाऊन बसे. आता रस्ता रुंद होणार होता आणि खोली आड येत होती. सोमवारी बुलडोझर येणार, त्याआधी हलवली तरच वाचणार. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ जागा मिळाली होती. पण डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, क्रेन आत येणं शक्य नव्हतं. हे खुद्द काकांनीच बघून सांगितलं आणि त्यांच्या मते विषय संपला.

“मग माणसं उचलतील,” काकू म्हणाल्या.

“खोली म्हणजे काय पाटी आहे? आणि येणार कोण?”

“मी विचारते की घरोघरी.”

“लोक तोंडावर हो म्हणतात. रविवारी सकाळी अंथरूण कोण सोडतंय!”

“तुम्ही आजवर किती जणांना विचारून बघितलंत?”

खोलीची काळजी त्यांनाही होती, पण त्याहून जास्त काळजी बायकोची होती. रिकाम्या गल्लीत एकट्या उभ्या राहिलेल्या काकूंचं तोंड त्यांना बघवलं नसतं.

रविवारी काका घराबाहेर आले आणि चपला घालायच्याच विसरले. गल्ली भरली होती. बेकरीवाला हाताला पीठ लागलेलं तसाच आला होता. रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सबाई युनिफॉर्ममध्येच होत्या. कित्येक वर्षं अबोला धरलेल्या दोघी जावा एकाच पाइपाशी उभ्या होत्या, अर्थात मध्ये एका माणसाची जागा सोडून. सुताराने खोली पायापासून सोडवून खालून लांब लोखंडी पाइप आरपार घातले होते आणि बाहेर आलेल्या प्रत्येक टोकाला माणसं होती. एवढी माणसं त्यांनी केबिनमधून रोज बघितली होती, पण त्यांचे चेहरे कधी दिसले नव्हते.

“खुणा तुम्ही करा,” सुतार म्हणाला. “हे तुमचं काम.”

काकांनी बंदरावरच्या खुणा सगळ्यांना शिकवल्या. बोट वर करून फिरवलं की उचला, पंजा खाली आणला की सावकाश टेका, मूठ आवळली की आहात तिथे थांबा. मग त्यांनी बोट फिरवलं. लाकूड करकरलं आणि खोली उठली. पत्र्यासकट, खिडक्यांसकट, हलणाऱ्या पडद्यांसकट ती गल्लीतून चालू लागली, आणि तिच्याखाली नुसते पाय होते. गाव करी ते राव काय करी, हे काकांनी कितीदा तरी ऐकलं होतं, पण बघत आज होते. खोलीकडे तोंड करून उलटं चालताना त्यांचे डोळे वाहत होते.

“काका, रडा खुशाल,” बेकरीवाला धापा टाकत म्हणाला, “पण पडू नका. नाहीतर खोली तुमच्यावरच टेकवावी लागेल.”

खोली टाकीजवळ टेकली. टाळ्या वाजल्या, लोक जिथे जागा मिळेल तिथे बसले. काकू किल्ली घेऊन पुढे गेल्या, खोलीला एक फेरी मारून परत आल्या आणि म्हणाल्या, “दार कुठाय?”

दार टाकीच्या भिंतीला चिकटलं होतं. सबंध वाट ते काकांच्या तोंडासमोर होतं. पण क्रेनवर बोजा वळवतात तो अगदी शेवटी, टेकवण्याआधी, केबिनमधली एक दांडी ओढून. काकांनी आजही नेमक्या वेळी ती ओढली होती. हवेत. दांडी नव्हती, आणि ही खूण शिकवायची राहून गेली होती. लोकांना वाटलं, काका माशी हाकलताहेत.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांचे तळहात लालबुंद झाले होते. काकांनी सवयीने काकूंकडे बघितलं.

“ह्या वेळी तुम्ही विचारा,” काकू हळूच म्हणाल्या.

काका लोकांकडे वळले. म्हणाले, “चूक माझी आहे. दार वळवायचं राहिलं. मला... मला पुन्हा एकदा उचलू लागाल का?”

“उचलू की,” बेकरीवाला कंबर धरत उठला. “फक्त ह्या खेपेला माशी आधी मारा.”

गल्ली खो खो हसली. सगळे उठले. मघापासून खिडक्यांतून मजा बघणारेही खाली उतरले. खुणा करायचं काम काकूंवर सोपवून काका दोघी जावांच्या मधल्या, कुणीच न घेतलेल्या जागेत शिरले. काकूंनी बोट फिरवलं. काकांनी दातओठ खाऊन जोर लावला, तर पाइप त्यांच्या हातात आधीच उठत होता. दोन्ही बाजूंनी खांदे त्यांना लागत होते. एवढंएवढं पाऊल टाकत सगळे गोल फिरले. काकूंचा पंजा खाली आला तेव्हा दार गल्लीकडे होतं.

संध्याकाळी मुलं अभ्यासाला येऊन बसली. काका-काकू पायरीवर होते.

“किती वजन असेल हो खोलीचं?” काकूंनी विचारलं. “तुम्ही बरोबर सांगता.”

काकांनी आपले तळहात उलगडून बघितले.

“काय माहीत,” ते म्हणाले. “माझ्या वाट्याला फार आलंच नाही.”