शोकाकुलच्या खालची नावं

पिंपळे सौदागरच्या आमच्या ऑफिसात मी संगणकाला वाचायला शिकवते. अक्षरं त्याला येतात. इंटरनेटवरचा मजकूर वाचून त्यातली खरी माहिती वेचणं, हे तो शिकतोय. त्याने वेचलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. बिल्डरांच्या जाहिराती वाचून त्याची खात्रीच झाली होती की चाकणहून हिंजवडी दहा मिनिटांवर आहे. मी वैतागून ‘चूक’ दाबलं, पण रागावणार तरी कुणावर? बिचारा जे लिहिलंय ते खरं मानतो.

माझं माहेर कुरुळीचं, म्हणून चाकण पट्ट्यातला मजकूर माझ्या वाट्याला येतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मी ऑफिसात ‘गावी काम होतं’ एवढंच सांगितलं. ‘गेले’ हा शब्द माझ्या तोंडातून निघतच नव्हता. आईपुढेही मी ‘अण्णांना चहा कडकच लागतो’ असं बोलायची. ती ऐकून घ्यायची.

आमच्याकडे दशक्रियेचं निमंत्रण आता गावच्या बातम्यांच्या साइटवरही टाकतात. वर गेलेल्या माणसाचं नाव, खाली ‘शोकाकुल’ म्हणून सगळ्या भावकीची. एखादं नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर रुसतो, म्हणून अण्णांच्या निमंत्रणात माझ्या भावाने कुणालाही वगळलं नव्हतं. ते निमंत्रण एके दुपारी माझ्याच स्क्रीनवर आलं. संगणकाने त्यातल्या प्रत्येक नावापुढे लिहिलं होतं: मृत.

शेजारचा लातूरकडचा सहकारी वाकून बघत हसायला लागला. “राव, यानं तर आख्खी भावकी उरकली की!” नावं वाचत वाचत तो माझ्या नावापाशी आला.

“ताई, राहू द्या. मी करतो हे,” तो हळूच म्हणाला.

“नको. माझं मी करते.”

भाऊ, चुलते, आत्या, आई, मी, सगळ्यांपुढे ‘चूक’ दाबत गेले. आईच्या नावापुढे तर जरा जोरातच दाबलं. शेवटी सगळ्यात वरचं एक नाव उरलं. तेही ‘चूक’ दाबलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण हा वेडा माझ्यावर विश्वास ठेवून शिकत होता. मी ‘बरोबर’ दाबलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडले.

रविवारी कुरुळीला गेले. आई भाकऱ्या करत होती. संगणकाने तिलाही मारलं होतं हे सांगितलं, तर किती दिवसांनी ती हसली. “सांग त्याला, मी हाय अजून.”

मग तिने विचारलं, “आन् त्यांचं काय सांगितलंस?”

“बरोबर आहे म्हणून सांगितलं. अण्णा गेले, आई.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. “बोललीस बाई येकदाची,” ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.