काचताईच्या नवऱ्याचं रक्त

माझी धाकटी बहीण सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. तापाचा रोगी आला की बोटाला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हिवतापाचे जंतू हुडकायचे. उभी हयात यातच गेली. वस्तीत तिला कुणी नावानं हाक मारत नाही, ती सगळ्यांची काचताई. मी तर म्हणतो, ही आरशातसुद्धा एक डोळा मिटून बघत असेल.

तिचा नवरा सर्पालयात. पिंजरे धुवायचे, सापांना खाऊ घालायचं, कात अडकली तर सोडवायची. जेवण झालं की हा गृहस्थ जागच्या जागी आडवा होतो, म्हणून मी त्याला अजगरराव म्हणतो. त्याला ते आवडतंही!

सर्पालयातल्या पशुवैद्यांकडचा रंग संपला की सापांच्या रक्ताच्या काचा अजगरराव घरी आणायचा. काचताई त्या रंगवून परत पाठवायची, पण सूक्ष्मदर्शकाखाली कधी धरायची नाही. "माझ्या डोळ्यांना माणसंच पुरेशी आहेत," म्हणायची.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. अजगररावाला ताप भरला होता आणि तो म्हणे, नुसता दमलोय. सकाळी काचताईनं ओट्यापाशीच त्याच्या बोटाला सुई टोचली. "अहो, सापांत हात घालता आणि सुईला एवढं कण्हता?" त्याच दिवशी एका म्हाताऱ्या अजगरिणीच्या रक्ताची काचही रंगवायची होती, ती काही खात नव्हती म्हणे. दोन्ही काचा रंगवून, धुऊन तिनं ताटलीत वाळत ठेवल्या. डावीकडे नवरा, उजवीकडे अजगरीण. दवाखान्यात असती तर पेन्सिलीनं क्रमांक टाकला असता. घरी नवऱ्याला कुठला क्रमांक? ती वेणी घालायला आत गेली. मग सर्पालयाचा माणूस आला, त्याला तिनं उजवीकडची काच दिली. डावीकडची डबीत घालून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मला रक्तदाब दाखवायचा होता.

तिनं काच लावली, वाकली आणि तशीच राहिली. मी आपला शेजारच्या बाकावर गप्पा हाणत होतो. बघतो तर ती काच काढून पुन्हा लावतेय.

"दादा, हे यांचं रक्त नाही."

"मग कुणाचं? माझ्यादेखत काढलंस की!"

"अरे, माणसाच्या लाल पेशी गोल असतात, आतून मोकळ्या. या सगळ्या लांबट आहेत. प्रत्येकीच्या पोटात जांभळा गोळा आहे. आणि त्यातही काहींत जंतू दिसताहेत. दादा, यांना झालंय तरी काय?"

मीही डोळा लावला. गुलाबी चिखल दिसला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ताई, असं रक्त मी आजवर पाहिलं नाही. मोठ्या रुग्णालयात कळवतो. तोवर त्यांना कुठलंच औषध देऊ नका."

काचताई मटकन खाली बसली. रोज दुसऱ्यांना धीर देणारी बाई, "दादा, माझ्या माणसाचं रक्तच बदललं रे," एवढंच पुटपुटत होती.

तेवढ्यात पशुवैद्यांचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

"काचताई, ही काच कुणाची पाठवलीत? अजगराच्या लाल पेशीत केंद्रक असतं हो! ह्या तर माणसाच्या आहेत. आणि हिवताप नुसता ठासून भरलाय. मेंदूत जातो ना, तो! कोण आहे हा माणूस? जिवंत आहे ना?"

काचताईच्या हातून फोन गळून पडला. तो मी उचलला. ती तोवर कपाटातून गोळ्या घेऊन दाराबाहेर. वेणी सुटलेली, चपला विसरलेल्या. मी तिच्या मागोमाग. वाटेत तिला एकच घोर, कुठलंच औषध न देता सकाळ वाया गेली.

घरी अजगरराव पलंगावर बरळत होता. भिंतीलाच म्हणत होता, "सरक जरा, पाणी बदलायचंय." तिनं गालावर चापट्या मारून त्याला शुद्धीवर आणलं, गोळ्या गिळवल्या.

"अहो, ताटलीला हात लावला होतात का?"

"तू आत गेलीस तेव्हा फिरवली. उजवीकडच्या काचेवर ऊन येत नव्हतं."

बाईनं कपाळावर हात मारला. रागवायला वेळ कुठला? गाडी आली, रुग्णालयात नेलं, सलाईन लागलं. ती त्याचा हात धरून बसली.

पशुवैद्य भेटायला आले. म्हणाले, अजगरिणीलाही हिवतापाचाच एक भाऊबंद झालाय. साप, सरडे, पाली यांचे जंतू निराळे, ते माणसाला लागत नाहीत. मी थक्क! एवढी वर्षं पाल दिसली की झाडू उगारतो, पण तिला थंडी वाजत असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

अजगररावानं डोळे उघडले. "अजगरिणीचा ताप माझ्यामुळे?"

"नाही रे बाबा," पशुवैद्य म्हणाले, "आणि तुझा तिच्यामुळे नाही. तुम्हाला चावणारे डासही बहुधा निराळे."

पुढं ताप उतरला, तो जेवायला मागू लागला. तरी काचताईला चैन पडेना. तिनं स्वतः पुन्हा त्याचं रक्त घेतलं, काचेवर ठळक क्रमांक घातला आणि मला सोबत घेऊन दवाखाना गाठला. डोळा लावून बसली ती उठेचना. एक कड संपली की दुसऱ्या कडेला, मग परत मागं.

"अगं, बोल की काहीतरी!"

"गोल आहेत रे, सगळ्या गोल. एकीतही काही नाही." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बाई भिंगापासून हलत नव्हती. मग सरकून तिनं मला जागा दिली. "बघ ना दादा, किती छान दिसतंय."

मला पुन्हा गुलाबी चिखलच दिसला. मी म्हटलं, "वा!"