एक वाढवून

रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांना एकच वेड. आकडा दिसला की तो भागून बघायचा. त्यातही आमच्या कर्जतचा पिनकोड, ४१०२०१, फार लाडका.

"एक सोडून एक आकडे मिळवा, दादा. चार, शून्य, शून्य, झाले चार. उरलेले एक, दोन, एक, तेपण चार! म्हणजे अकरानं बरोब्बर भाग जातो. काय आकडा हाय!"

भाजीच्या पिशव्या हातात धरून हे मी किती वेळा ऐकलं असेल!

माझ्या मुलीचं लग्न खालापूरला जमलं. पत्रिकांवर पत्ते लिहायला हे शेजारीच हौसेनं बसले आणि खालापूरच्या पहिल्याच पाकिटावर अडकले.

"४१०२०२. अकरानं भागला तर एक उरतो हो."

"उरू द्या! पाकिटं संपवा आधी," मी ओरडलोच.

लग्न लागलं, मुलगी गाडीत बसली. मला हुंदका आवरेना, तेवढ्यात हे कानाशी आले.

"दादा, खालापूर काय लांब नाय. आपलाच आकडा. आहेरात वर रुपया घालतात ना, तसा एक वाढवून दिलेला."

ऐन रडण्यात या माणसानं मला हसवलं, याचा राग अजून गेलेला नाही.