जोशी सरांचा पूरक प्रश्न

भाजी अळणी लागली की जोशी सर पानावरूनच विचारायचे, ‘मीठ कुठे गेलं, याचा सन्माननीय मंत्री खुलासा करतील काय?’ सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, ‘माहिती गोळा केली जात आहे.’ ‘पूरक प्रश्न: कधीपर्यंत?’ त्यावर लाटणं नुसतं वर व्हायचं. कामकाज तहकूब.

सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. सरांचं दैवत म्हणजे एक ब्रिटिश खासदार. त्या गड्यानं मंत्रिपदाच्या मागं न लागता सारी हयात पार्लमेंटात रस्ते, पूल आणि रेल्वेवर प्रश्न विचारण्यात घालवली. नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून वर्गात तो ‘पूलवाला साहेब’. सर सांगायचे, ‘ओरडायचं नाही. उत्तर मिळेपर्यंत विचारायचं. सरकार दगडाला भीत नाही, प्रश्नाला भितं.’

मी चितेगावच्या पुढच्या खेड्यातला. घरातला पहिला बी.ए.; हे मी मान ताठ ठेवूनच सांगतो. त्या साली दुष्काळ होता. गावच्या नाल्यावरचा पूल आधीच्या पुरात वाहून गेलेला. एसटी बंद. पाण्याचा टँकर नाल्यापलीकडेच थांबायचा आणि बाया रेतीतून घागरी वाहायच्या. इकडे शहरात मात्र रोज नवी कॉलनी, नवा डांबरी रस्ता. सरांना हे सांगितलं, तर त्यांचे डोळेच चमकले. ‘चल, पूलवाल्या साहेबाच्या रीतीची परीक्षा घेऊ.’

बांधकाम खात्याचे साहेब हसले. ‘अहो, नाल्याला पाणीच नाही. पूल कशाला?’

‘पूरक प्रश्न. आपण तिथं गेला आहात काय?’

सरांनी हा प्रश्न दर सोमवारी जाऊन विचारला, तोही नमस्कार करून. शेवटी कंटाळून साहेब आम्हाला घेऊन निघाले. जीप नाल्याच्या रेतीत रुतली. ओढायला बैल नव्हते. ते चारा छावणीत. साहेब उन्हात चालत आमच्या ओट्यावर येऊन टेकले. ‘मावशी, जरा पाणी द्या.’

माझी माय पदर सावरून म्हणाली, ‘पाणी लई आलंय सायेब. नाल्याच्या पल्याड, टँकरात. पोरी गेल्यात घागरी घिऊन. बसा तवर.’

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, ‘माझा पूरक प्रश्न नाही.’

पूल झाला. तोवर सरांनी अंथरूण धरलेलं. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, ‘एसटी सुरू झाली?’

‘नाही, सर.’

‘पूरक प्रश्न: कधी?’

काकू औषध ढवळत म्हणाल्या, ‘माहिती गोळा केली जात आहे.’ सर खुदकन हसले. त्याच आठवड्यात गेले.

पहिल्या एसटीत मी काकूंना खिडकीशी बसवून गावी नेलं. गाडी पुलावर चढली तशा काकू उठून उभ्याच राहिल्या. गज धरून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ‘माहिती गोळा झाली.’

कंडक्टर वळला. ‘काय म्हणता, आजी?’

‘तुला नाही रे बाबा,’ काकू खाली बसत म्हणाल्या. ‘सभागृहाला सांगितलं.’