संशयातला एक आणा

नसरीन मॅडम कुणालाही "हे खरं वाटतं का?" असं विचारत नसत. "किती आणे खरं वाटतं?" असं विचारत. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या, पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि समोरच्या नर्सताईंना म्हणाल्या, "यात मी काही मिसळलेलं नाही. किती आणे खरं?" ताई हसून म्हणाल्या, सोळा आणे. मग मॅडमनी तीच बाटली माझ्यापुढे धरली आणि पी म्हणाल्या. मी हात पुढे केला नाही. "याचे दहाच," त्या वर्गाला म्हणाल्या, "आणि हा तर ठणठणीत आहे. संशय फक्त आजाऱ्यालाच येतो असं समजू नका."

मी हिमायतनगर तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. नांदेडला समाजकार्य शिकत असताना कॉलेजने मला या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. ज्यांना आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय असं पक्कं वाटतं, त्यांच्याशी गोळ्यांच्या जोडीने बोलून कसं काम करायचं, ते मॅडम नर्स आणि समुपदेशकांना शिकवत. या पद्धतीला सीबीटी म्हणतात. आमच्या गावात अशा माणसाला आधी देवऋष्याकडे नेतात, मग दवाखान्यात. बोलायला कुणी नेत नाही. मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नुसतं बोलून कुणाचं येड जातंय व्हय? त्या बाईचं दुसरंच काहीतरी काम आसंल." मी तिला नाही म्हणालो, पण माझ्याही मनात तेच होतं.

मॅडमच्या वडिलांचं लातूरच्या गोलाई बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. शिकवताना त्या दुकानातल्याच गोष्टी सांगत. "बाईनं हात आवळला की चुडी फुटते. अब्बा आधी हात धरून गप्पा मारायचे, माहेर कुठलं, जावयाला नोकरी लागली का. हात ढिला पडला की चुडी आपोआप आत. तुम्ही लोक येता आणि पहिल्यांदा चुडीच ढकलता." त्यांचा दुसरा नियम असा की, संशयातला एक आणा खरा असतोच, आधी तो शोधा. आणि तिसरा, कुठलीही गोष्ट घडली की तिची चार कारणं काढा. पहिलं सुचतं ते बहुतेक भीतीचं असतं.

सरावासाठी त्या आम्हाला अर्धापूरला गंगाधररावांकडे न्यायच्या. पन्नाशीचा माणूस, केळीची बाग चांगली. बायको शेषाबाई आपल्याला विष घालून मारणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दिवसातून एकदा चार घास वरणभात, तोही वास घेऊन, आणि बाकी नुसती केळी. केळ्याला साल असते, आत कुणाला काही घालता येत नाही, असं ते सांगत. अंगातला सदरा दोन माणसांचा वाटावा इतके वाळले होते. शेषाबाईंचा भाऊ बहिणीला घेऊन जायला टपला होता. आज विषाचं म्हणतोय, उद्या हिच्याच अंगावर धावला तर, असं त्याचं म्हणणं. शेषाबाईंना जायचं नव्हतं. पण नवरा आपल्या हातचं खात नाही म्हटल्यावर राहायचं तरी कशासाठी, हे त्यांना उमगत नव्हतं.

"वरण लई कडू लागतंय," गंगाधरराव म्हणायचे. "डॉक्टर म्हणतेत मनात हाय. जिभेला मन आसतंय का?"

मॅडम त्यांना खोटं ठरवत नव्हत्या, आणि हो सुद्धा म्हणत नव्हत्या. नुसतं विचारत, कधीपासून कडू लागतं, रोज लागतं का, भाकरी पण लागते का. मला वाटायचं, या बाई एक तर या माणसाला फसवून राहिल्या आहेत, नाहीतर आम्हाला.

तिसऱ्या भेटीत दुपारी शेषाबाईंनी ताट आणून ठेवलं. गंगाधररावांनी ते सरकवलं. मॅडम म्हणाल्या, "यातला एक घास मी खाल्ला तर तुमच्या सोळातला एखादा आणा कमी होतो का, बघायचं?" गंगाधररावांनी जरा विचार करून मान डोलावली. मॅडमनी भात कालवला. घास उचलणार तोच शेषाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"तुमी नका खाऊ."

मला एकच गोष्ट सुचली. मॅडमचं नाव. या घरात नसरीन नावाच्या बाईनं ताटाला हात लावलेला चालत नसेल. मला इतकी लाज वाटली की मी खाली बघत बसलो. मॅडमनी घास सोडला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मग शेषाबाई तिथंच खाली बसल्या. "गोळी हाय त्यात," त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या. नवरा गोळी घेत नाही म्हणून त्या ती कुटून वरणात घालत होत्या. दवाखान्याच्या रांगेत दुसऱ्या एका पेशंटच्या आईनं त्यांना ही युक्ती सांगितली होती.

मला वाटलं, आता हा माणूस ताट फेकणार. त्यांनी फेकलं नाही. "म्हंजे माझी जीभ खरं सांगत होती," ते म्हणाले.

"हो. कडू लागत होतं, ते सोळा आणे खरं," मॅडम म्हणाल्या. "तिथं तुमचं काही चुकलं नाही. आता त्या तुम्हाला मारायला घालत होत्या, हे किती आणे?"

शेषाबाई म्हणाल्या, "मारायचं आसतं तर रडत कशाला कुटली आसती?"

गंगाधरराव उठून बागेत गेले.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. इतक्या दिवसांचं काम वाया गेलं, असं मला वाटत होतं. मॅडमच म्हणाल्या, "तिनं हात धरला तेव्हा तुला काय वाटलं?" मी ऑटोवाल्याला अजून किती वेळ लागेल ते विचारलं. "सांग रे. मलाही तेच वाटलं. इतकी वर्षं शिकवून राहिले, चार कारणं काढा. आणि माझ्या वेळेला एकच निघालं. सोळा आणे." त्या बाहेर बघू लागल्या. "त्या माणसाला रोज असं वाटतं. किती थकत असेल तो."

पुढचे काही दिवस गंगाधररावांनी वरणभात पूर्ण बंद केला. भाऊ जीप घेऊन आला. मॅडमनी शेषाबाईंना राहा म्हटलं नाही, जा सुद्धा म्हटलं नाही. यापुढे लपवून काही घालू नका आणि ते त्यांना तोंडावर सांगा, एवढंच म्हणाल्या. शेषाबाईंनी सांगितलं. जीप रिकामीच गेली. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. गंगाधरराव ती आधी हातात घेऊन उलटसुलट बघत, मग स्वतः सोललेल्या केळ्याबरोबर गिळत. कधी गिळत, कधी खिशात ठेवत. मॅडम विचारत तेव्हा आणे कधी दहा सांगत, कधी सहा, एकदा परत चौदा.

प्रशिक्षण संपलं आणि मॅडमची शेवटची भेट ठरली. शेषाबाईंनी स्वयंपाक केला होता. सगळ्यांची ताटं मांडली होती. गंगाधरराव भिंतीला टेकून बसले होते. वाढायला सुरुवात झाली तसं त्यांनी हात वर केला.

"आधी मॅडमला वाढ."

शेषाबाईंनी वाढलं. मॅडमनी वरणभाताचा घास घेतला, दुसरा घेतला. गंगाधरराव त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "वाढ. वरण जास्त."

बसस्टँडवर लातूरची गाडी लागली होती. मी मॅडमना विचारलं, आधी तुम्हाला वाढायला लावलं, तो पाहुण्यांचा मान होता की तपासणी?

त्या पायरीवर थांबल्या. "आठ आणे हे, आठ आणे ते," म्हणाल्या, आणि पर्समधली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "उन्हाचं आलास. पी."

मी प्यालो.