ताडपत्रीखालचं पाणी
काल सोसायटीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्या वासासरशी मला गंगापूर रोडवरचा तो बंगला आठवला. ऐंशी सालाच्या आसपास मी तिथल्या पोहण्याच्या हौदाची देखभाल करायचो. उन्हात क्लोरीन उडून जातो, आणि तो टिकवायची पावडर तेव्हा आम्हाला नाशकात कुठे मिळत नसे, म्हणून आम्ही दुपारी हौदावर ताडपत्री ओढायचो. मालकांचा मुलगा त्याच हौदात बुडाला आणि मग ती ताडपत्री कुणी काढलीच नाही. तरी त्याच्या आईच्या हट्टापायी मी रोज संध्याकाळी ब्लीचिंग पावडर टाकायचो, सकाळी ताडपत्रीचा कोपरा उचलून काचेच्या नळीत पाणी घ्यायचो आणि त्यात औषधाचे थेंब सोडायचो. ऊन नसलं तर क्लोरीन पोहणाऱ्यांच्या अंगानंच संपतो; शिल्लक असला की त्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. पण ते रोज नितळच राहायचं, कुणीतरी मनसोक्त पोहून गेल्यासारखं. बाई पायरीवर बसून विचारायच्या, "संपला का क्लोरीन?" मी "हो" म्हटलं की त्यांचा चेहरा निवळायचा. एके सकाळी मात्र नळीतलं पाणी पिवळंजर्द झालं. बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी नळी मुठीत लपवली आणि म्हणालो, "संपलाय, बाई." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "असं कसं? काल तो पाण्यात गेलाच नाही. मला ताप होता ना, उशाशी बसून होता." मुठीतली नळी एकदम गार लागली. त्यानंतर मी कितीतरी हौदांचं पाणी तपासलं, पण नळी दाखवेल त्याहून वेगळं कधी कुणाला सांगितलं नाही.