नव्या सभासदांनी सतरंज्या घालाव्यात

मस्कतमधल्या अल हैलच्या चंद्रशेखर टिपणिसांना धक्का बसला तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती. बशी हातातच राहिली, पोहे तेवढे सोफ्यावर गेले. फोनच्या पडद्यावर अमेरिकेत शिकणारा निशांत सांगत होता, "बाबा, मी फ्रॅटर्निटी जॉइन करतोय."

"ते दारू पिऊन गच्चीवरून उड्या मारतात, ते?"

"नाही रे! मुलांचं मंडळ असतं, एकत्र राहतात. आत्ता मी फक्त प्लेज आहे. म्हणजे आठ आठवडे उमेदवार. सीनियर्सचे कपडे धुवायचे, डिशेस घासायच्या, बस."

"कपडे?" सुरेखाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अरे लबाडा, इथं अठरा वर्षांत स्वतःचा मोजा उचलला नाहीस!"

टिपणीस पोटापाण्यासाठी पंप विकत, पण मस्कतच्या मराठी माणसांत त्यांची ख्याती वेगळीच. मंडळाची बावीस पानी घटना त्यांनी एकट्यानं लिहिली होती. गणपतीच्या पडद्यांच्या पेटीची किल्ली कुणाकडे असावी, इथपर्यंत सगळं तिच्यात होतं. अशा माणसानं पोराला फ्रॅटर्निटीतून बाहेर काढायचं ठरवलं, तर तेही नियमानंच काढणार. अल खौदच्या एका दुकानातून त्यांनी त्या फ्रॅटर्निटीची चौसष्ट पानी नियमावली छापून आणली आणि पिवळं पेन घेऊन बसले.

त्यांना गुंडांची टोळी शोधायची होती. सापडलं मंडळ! अध्यक्ष, सचिव, शिस्त समिती. वर कॉलेजातल्या अशा सगळ्या मंडळांची परिषद, तिच्यावर युनिव्हर्सिटीचं ऑफिस, आणि कुठल्याशा शहरात मुख्यालय.

"सुरेखा, सभेला गणसंख्या दोन तृतीयांश लागते गं यांना! आपल्याकडे एवढी माणसं फक्त जेवणाला येतात."

एक्केचाळिसाव्या पानावर ते ताडकन उठले. नव्या सदस्याला केवळ तो नवा आहे म्हणून, जुने सदस्य करत नाहीत असं काम सांगणं हा छळ समजला जाईल. त्याची संमती असली तरीही. शिक्षा, शाखा बंद.

शुक्रवारी संध्याकाळी निशांतचा फोन आला, तेव्हा मुख्यालयाला तक्रार लिहून तयार होती.

"सापडलं कलम! तुझी शाखा खलास."

"बाबा, प्लीज नको." निशांतचा चेहरा उतरला. "इथे सहा महिने मला कोणीच नव्हतं. जेवलास का, हे पहिल्यांदा त्यांनी विचारलं. ते घर बंद झालं तर मी परत एकटा."

"पण हा छळ आहे, मी सांगतो!"

"मग तुझ्या घटनेतलं कलम अकरा काय आहे?"

टिपणिसांना कलम अकरा पाठ होतं. ओळख व्हावी म्हणून नव्या सभासदांनी पहिलं वर्ष सतरंज्या घालाव्यात व उचलाव्यात.

"मी इकडे यायच्या आधी, गणपतीत विशाखाकाकू एकटी सतरंज्या गुंडाळत होती. नवीन ना ती. तुम्ही सगळे मसालेभात खात होता. ती मला म्हणाली, यात ओळख कुणाशी होते रे, सतरंजीशी?"

टिपणिसांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"लग्न होऊन इथं आले तेव्हा मीही उचलल्यात की," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन वर्षं."

"दोन? घटनेत एकच आहे!"

"दुसऱ्या वर्षी नवं कुणी आलंच नाही. तुम्हीच म्हणालात, सुरेखा आहेच."

हा धक्का पोह्यांपेक्षा मोठा होता. टिपणिसांनी तक्रार फाडली आणि नियमावलीचं चौतिसावं पान उघडलं. "ऐक. प्लेजलासुद्धा शाखेच्या सभेत ठराव मांडता येतो. मसुदा मी देतो. पण मांडायचा तू, सगळ्यांसमोर. मीही इथं मांडतो."

पुढच्या शुक्रवारी मंडळाच्या सभेत टिपणिसांनी कलम अकरा रद्द करण्याचा ठराव आणला. अठरा माणसं हवी होती, अकराच आली. टिपणिसांच्याच नियमानं ठराव बारगळला. लोक चहाकडे वळले. टिपणिसांनी बूट काढले आणि सतरंजी गुंडाळायला घेतली.

विशाखा दुसरं टोक धरत म्हणाली, "टिपणीस, तुमची बाजू वाकडी जातेय."

"कशी धरायची दाखवा."

तेवढ्यात फोन वाजला. निशांतचा मेसेज होता. 'ठराव पास. दोन सीनियर्स खूप चिडले. पण कपडे बंद, आणि डिशेस आता सगळे घासणार. मी राहतोय.'

टिपणिसांनी धापा टाकत उत्तर लिहिलं, 'अभिनंदन. आमच्याकडे गणसंख्या भरली नाही. सतरंजी फार जड असते रे. आईला सांगू नकोस, मी सांगतो.'